जुन्या कागदातले 'बेचिराख' गाव जळालेलेच असते का?

पूर्वजांच्या गावाचा माग काढताना एका जिज्ञासू वाचकांना जुन्या महसुली यादीत त्या गावाच्या नावापुढे 'बेचिराख' असा शेरा आढळला. हे गाव कोणत्या स्वारीत जाळले गेले असावे, असे त्यांनी विचारले आहे. केवळ या शेऱ्यावरून गाव जळाले होते, असे मुळीच ठरत नाही.

मूळ फारसी शब्द 'बेचिराग' असा आहे. 'बे' म्हणजे विना आणि 'चिराग' म्हणजे दिवा, म्हणून ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही, ते बेचिराग. घरात दिवा लावायला कोणी उरले नाही, असे आपण आजही म्हणतो; तीच कल्पना दफ्तरात संपूर्ण गावाला लागू झाली. उत्तर भारतातील महसुली कागदांतही 'बेचिराग' मौजा (महसुली गाव) म्हणजे निर्जन मौजाच. मराठीत शेवटच्या 'ग'चा 'ख' झाला, शब्दात 'राख' ऐकू येऊ लागली आणि अर्थ जळून भस्म होण्याकडे सरकला. आजच्या भाषेत तो अर्थ पूर्णपणे रुळलेला आहे आणि त्याला चूक म्हणण्याचे कारण नाही. पण तो जुन्या कागदावर लादला, की शोध भलत्याच दिशेला जातो.

गाव ओस पडण्यामागे लष्करी धामधूम असू शकते, तसाच 1630 सारखा दुष्काळ किंवा रोगाची साथही असू शकते. वस्ती उठली तरी मौजा मात्र कागदावर टिकतो, कारण शिवार आणि त्याचा सारा शिल्लक असतो. 2011 च्या जनगणनेतही देशातील सुमारे 6,40,000 गावांपैकी 43,000 च्या आसपास गावे निर्जन म्हणून नोंदलेली आहेत.

त्यामुळे या शेऱ्याशी न थांबता आणखी काही शब्द शोधावेत. पहिला 'गतकुळी'. ज्या मिरासदाराचे, म्हणजे वंशपरंपरागत हक्काने जमीन धारण करणाऱ्याचे, कूळ नाहीसे झाले, त्याची जमीन गतकुळी म्हणून नोंदली जाई. तरीही त्या थळाला (जमिनीच्या तुकड्याला) जुन्या कुळाचेच नाव चालू राही, आणि एका विस्मृत घराण्याचे नाव आपल्या हाती लागण्याची ही फार मोलाची जागा आहे, असे मला वाटते. दुसरा 'इस्तावा'. ओसाड जमीन पुन्हा लागवडीस आणण्यासाठी दरसाल चढत जाणाऱ्या साऱ्याचा जो कौल (लेखी हमी) दिला जाई, त्यात नव्याने आलेल्यांची नावे मिळू शकतात.

प्रत्यक्ष जागेवर गेल्यास 'पांढर' कोठे आहे, हे शेजारच्या गावातील जुन्या माणसांना विचारावे. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद हे ओस पडलेले गाव याच दृष्टीने पाहावे. 1958 मध्ये तेथे उजेडात आलेले ताम्रपाषाणयुगीन अवशेष प्रसिद्धच आहेत.