लाइव्ह वाजवून मिडी (वाजवलेल्या स्वरांची डिजिटल नोंद) रेकॉर्ड करताना ९६ पीपीक्यू पुरेल, की ९६० लावावं?

९६ कमी पडतं. ४८० किंवा ९६० लावा.

पीपीक्यू म्हणजे एका क्वार्टर नोटचे (एका ठोक्याचे) किती टिक, म्हणजे बारीक भाग, पाडले ते. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) क्वार्टर नोट ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे ९६ वर एक टिक ५.२ मिलिसेकंदांचा, ४८० वर साधारण १ चा, ९६० वर अर्ध्याचा. वाजवलेला प्रत्येक स्वर कुठल्यातरी टिकवरच बसतो. एकट्यादुकट्या स्वरात हे जाणवणार नाही. पण ड्रमवरचा घट्ट फ्लॅम (जवळजवळ एकदमच पडणारे दोन ठोके) किंवा किंचित पसरवून वाजवलेला कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) घ्या. त्यातले स्वर काही मिलिसेकंदांच्याच अंतराने येतात, ९६ वर ते एकाच टिकवर गोळा होतात आणि वाजवण्यातली जानच जाते. टेम्पो ६० ठेवलात तर टिक दुप्पट लांब होतो, हे बरेच जण विसरतात.

४८० च्या पुढे मात्र फारसा फरक पडत नाही. पाच पिनांच्या मिडी केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. तीन बाइटांचा नोट-ऑन (स्वर सुरू झाल्याचा संदेश) पोचायलाच जवळपास १ मिलिसेकंद लागतो, त्यामुळे त्याहून बारीक टिकचा फारसा उपयोग नाही.

जुना सिक्वेन्सर (मिडी रेकॉर्ड करून वाजवणारं यंत्र) ९६ च्या वर जातच नसेल, तर टेम्पोचा आकडा दुप्पट करून हाताने मूळ लयीतच वाजवा, म्हणजे टिक निम्मा होईल. आणि इनपुट क्वांटाइझ (रेकॉर्ड होतानाच स्वर नेमक्या ठोक्यांवर ओढणारी सोय) आधी बंद करा, नाहीतर हे सगळं वायाच.