आधी बंड्याचं बोलू

परदेशी बिऱ्हाड हलवायला निघालेली जोडपी माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. घरातल्या कुत्र्याला मागे ठेवलं तर मन खातं, बरोबर नेलं तर त्याचे हाल होतात, आणि या घोळात आम्हा दोघांचंच बिनसायला लागलंय. उत्तरादाखल एका जोडप्याची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत, माझी चूक मात्र होती तशीच ठेवलीय.

दोघंही पस्तिशीच्या आसपास, राहायला गोरेगावात. त्याला म्युनिकला नोकरी लागली होती आणि दोन महिन्यांत रुजू व्हायचं होतं. घरात दोन कुत्री. बंड्या म्हणजे स्टेशनबाहेर पावसात कुडकुडताना सापडलेला गावठी, आता सहा वर्षांचा. टिंगी दहा वर्षांची पग, आणि घोरणं असं की शेजाऱ्यांना ऐकू जावं.

तो म्हणाला, "मॅडम, आधी तिकडे जम बसू दे, मग कुत्र्यांचं बघू, एवढंच मी म्हणतोय."

ती म्हणाली, "बघू म्हणजे कोण बघणार?"

सासूबाईंचं मत तर ठरलेलंच होतं. कुत्र्यांपायी कुणी संसार अडवून ठेवतं का?

आम्हा समुपदेशकांना एक खोड असते. समोरचा माणूस कुत्र्याबद्दल बोलायला लागला की त्याआड काय दडलंय ते आम्ही शोधत बसतो. मीही विचारलं, "तुला स्वतःलाच जायचं नाहीये, असं तर नाही ना?"

ती अगदी शांतपणे म्हणाली, "ताई, मला जायचंय. जर्मनचा क्लास मी लावलाय, याने नाही. मी बंड्याबद्दलच विचारतेय."

मी वरमले. पुढच्या वेळी फायली घेऊन या म्हटलं. कुत्र्यांच्या.

लसीची कार्डं नीट भरलेली होती, एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. पण मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची बारीक चिप, दोघांनाही नव्हती, आणि घोडं तिथेच अडलं. भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर आधी चिप बसवायची आणि रेबीजची लस त्यानंतर द्यायची. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत. लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढायचं आणि ते युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं. लशीमुळे रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचं (अँटीबॉडीजचं) प्रमाण मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक यायला हवं. रक्त काढल्या दिवसापासून आणखी 3 महिने थांबायचं, तेव्हा कुठे प्रवेश. तिने माझ्या भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढून पानं उलटली. आजच चिप बसवली तरी चार महिने.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कंपनीला मी घर विचारलं, टॅक्स विचारला, विमा विचारला. हे विचारायचं डोक्यातच आलं नाही."

"मला विचारलं असतंस तर माझ्या डोक्यात आलं असतं. तू हो म्हणून मोकळा झालास आणि संध्याकाळी पेढे घेऊन आलास."

मी गेल्या खेपेला जे उकरून काढू पाहत होते, ते असं आपणहून बाहेर आलं. पण ते कालनिर्णयामुळे आलं, माझ्या प्रश्नामुळे नाही, हे कबूल करायला हवं.

दोघांनी आधी जावं आणि कुत्री दिराने मागाहून पाठवावीत, अशीही एक टूम निघाली होती. पण घरचा पाळीव प्राणी म्हणून न्यायचा तर त्याच्या आणि मालकाच्या प्रवासात 5 दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. नाहीतर व्यापारी आयातीचे वेगळे नियम लागतात. म्हणून ठरलं ते असं: त्याने पुढे जायचं, तिने थांबायचं आणि बंड्याला घेऊन मग निघायचं. ताटातूट होणार होती, पण आता तिला तारीख होती. तारीख नसलेली ताटातूट माणसाला पोखरते, हे मी बोटीवरच्या नवऱ्यांच्या बायकांकडून फार ऐकलंय.

बंड्याचं त्यामानाने सोपं गेलं. विमानातला पिंजरा तीन महिने आधीच हॉलमध्ये आणून ठेवला, दार उघडं, जेवणाचा वाडगा आत. झोपेचं औषध देण्याचा विचार डॉक्टरांनी मोडून काढला. गुंगीतलं जनावर बऱ्याच विमान कंपन्या घेतही नाहीत. तिकडे कुत्र्यासाठी नगरपालिकेला कर भरावा लागतो आणि रेल्वेत मोठ्या कुत्र्याला स्वतःचं तिकीट नि मझल, म्हणजे तोंडाला जाळी, लागते, हे ऐकून सासूबाई पहिल्यांदा हसल्या. "घरपट्टी भरणारा कुत्रा!"

टिंगीचं मात्र जमेना. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा धोका असल्याने अनेक कंपन्या त्यांना सामानाच्या कप्प्यातून नेत नाहीत, आणि केबिनमध्ये न्यायचं तर बऱ्याच ठिकाणी पिशवीसकट 8 किलोची मर्यादा. टिंगी एकटीच नऊ किलो. त्यात वय दहा. तिला नेऊ नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

पुढच्या तीन भेटी फक्त टिंगीसाठी गेल्या. "मी तिला सोडून चाललेय," असं ती म्हणायची. तो दुरुस्त करायचा, "सोडून नाही गं, आईकडे ठेवून." एकदा ती उसळली, "टिंगीला यातला फरक कळणार आहे का?" तो काहीतरी बोलणार होता, मी हाताने थांबवलं. याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं, आणि घाईघाईने दिलेली समजूत तिने ओळखली असती. मी तिला एवढंच सुचवलं की टिंगीची कामं आतापासूनच सासूबाईंच्या हाती द्यायची: डोळ्यांतले थेंब, नाकाच्या घड्या पुसणं, सकाळची फेरी. हे शेवटच्या आठवड्यात करायचं नाही. सासूबाई पहिल्या दिवशी रुमालाने नाक दाबून बसल्या होत्या म्हणे. महिन्याभराने त्यांनी विचारलं, "हिला भाकरी मऊ करून चालते का?"

मध्यंतरी म्युनिकहून तिच्याशी व्हिडिओवर बोलणं झालं. मागे बंड्या हीटरला पाठ लावून पसरला होता. सासूबाई रोज संध्याकाळी कॉल लावतात म्हणाली.

"टिंगी बघते का तुझ्याकडे?"

"छे. फोनचा वास घेते आणि निघून जाते. आईच बोलत बसतात मग, आज किती शिंकली, काय खाल्लं. काल म्हणाल्या, आता ठेवते, हिला झोप आलीय."