चुकीचा कमिट मेनवर गेला, आता काय?

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) वापरते. अ‍ॅड, कमिट (बदलाची नोंद करणं), पुश (ती सगळ्यांच्या सामायिक रिपॉझिटरीत पाठवणं) जमतं. मुलाखतीत विचारलं, ‘मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, चुकीचा बदल गेलाय, टीममधल्या चौघांनी तो पुलही केलाय, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवून घेतलाय. काय कराल?’ मी म्हटलं, रीसेट करून फोर्स पुश, म्हणजे सामायिक ब्रँच जबरदस्तीने बदलणारा पुश. त्यानंतर मुलाखत फार चालली नाही. गिटचा सर्टिफिकेट कोर्स करू का?

उत्तर : कोर्सची घाई करू नकोस. कमांड तुला येतात. एकाच कोडवर चारजणांनी मिळून काम करायची सवय राहून गेली आहे, आणि ती सर्टिफिकेटने लागत नाही.

आधी तुझ्या उत्तरात काय चुकलं ते बघ. रीसेट ब्रँचला मागच्या कमिटवर नेऊन ठेवतं. पण त्या चौघांच्या मशीनवर चुकीचा कमिट तसाच असतो. त्यातल्या एकाने पुल करताना मर्ज करून (दोन्हीकडचे बदल एकत्र करून) पुश केलं, की तो पुन्हा मेनवर हजर! शिवाय मधल्या वेळात कुणी नवं काम पुश केलं असेल, तर तुझ्या फोर्स पुशने तेही ब्रँचवरून जातं. म्हणून सगळे मिळून वापरतात त्या ब्रँचवर रिव्हर्टच करायचं. त्यातून उलटा बदल करणारा नवा कमिट तयार होतो आणि इतिहासाला धक्का लागत नाही. रीसेट खुशाल वापर, पण पुश न केलेल्या कमिटवर.

रिव्हर्टमध्येही एक खाच आहे. एखादी ब्रँच मेनमध्ये आणणारा मर्ज कमिट रिव्हर्ट केला, मग त्या मूळ ब्रँचवर दुरुस्ती करून ती पुन्हा मर्ज केली, तर फक्त दुरुस्ती येते; आधीचं काम येत नाही. गिटच्या हिशेबी ते कमिट मेनमध्ये आधीच आलेले असतात. अशा वेळी आधी त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट करावं लागतं. हे एकदा स्वतःच्या हाताने करून बघ, पुन्हा विसरणार नाहीस.

आता चेंज मॅनेजमेंटचा, म्हणजे चालू सिस्टिममध्ये बदल आखून करण्याचा भाग, जो कॉलेजात जवळपास कुणी शिकवत नाही. कोड मागे घेता येतो, डेटा तितक्या सहज येत नाही. नव्या व्हर्जनने टेबलमधला कॉलम काढून टाकला असेल, तर मागे घेतलेला कोड तोच कॉलम मागतो आणि पडतो. म्हणून क्रम असा ठेवतात : नवा कॉलम वाढवायचा, काही काळ दोन्हीकडे लिहायचं, जुना डेटा कॉपी करायचा, वाचन नव्यावर न्यायचं, आणि जुना कॉलम नंतरच्या एखाद्या रिलीजमध्ये काढायचा. चेंज रिक्वेस्टमध्ये (बदलासाठीच्या अर्जात) काय बदलतंय, का, कुणावर परिणाम होईल, मंजुरी कुणाची हे असतंच. माझ्या मते खरी परीक्षा रोलबॅकच्या, म्हणजे बदल मागे घेण्याच्या रकान्यात असते. तिथे ‘जुनं व्हर्जन टाकू’ एवढंच लिहून भागत नाही. कोणती खूण दिसली की मागे फिरायचं, तो निर्णय कोण घेणार, किती मिनिटं लागतील आणि मधल्या काळात आलेल्या डेटाचं काय, हे सगळं त्यात हवं.

सरावासाठी एक मैत्रीण सोबत घे. मेनवर थेट पुश बंद करा. पुल रिक्वेस्ट (बदल मर्ज करण्याची विनंती) आणि दुसरीचा रिव्ह्यू झाल्याशिवाय मर्ज नाही. मग मुद्दाम गोंधळ घाला. तू एका फंक्शनचं नाव बदल. तिने त्याच वेळी दुसऱ्या फाइलमध्ये जुन्या नावाने ते वापरायचं. मर्ज बिनतक्रार होईल, कॉन्फ्लिक्ट (गिटला जुळवता न येणारे बदल) एकही नाही, आणि प्रोग्रॅम मात्र बिघडलेला असेल. मर्जनंतरही टेस्ट का चालवतात, ते तिथे कळेल. पुढच्या खेपेला खोटा पासवर्ड असलेली फाइल कमिट करा आणि मग ती गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) घाला. फाइल ट्रॅक होतच राहते, आणि काढली तरी जुन्या कमिटमध्ये पासवर्ड दिसतोच. प्रत्यक्षात असं झालं, तर पहिलं काम म्हणजे तो पासवर्ड बदलणं. इतिहासाची साफसफाई त्यानंतर.

असे तीन-चार प्रसंग रिपॉझिटरीच्या रीडमीमध्ये (प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) लिहून ठेव : काय बिघडलं, कोणत्या कमिटने, कसं मागे घेतलं. रेझ्युमेत ‘गिट येतं’ या ओळीच्या जागी त्या रीडमीची लिंक दे.