1901 ते 1932 या काळात जपानचे पंतप्रधान इतके भराभर का बदलत? संसद असताना सरकार पाडत कोण होतं?

आपल्या डोक्यात लोकसभेचा हिशेब असतो: बहुमत गेलं की सरकार गेलं. जपानसाठी तो आधी बाजूला ठेवा. जून 1901 मध्ये कात्सुरा तारो पंतप्रधान झाले तिथपासून मे 1932 मध्ये इनुकाई त्सुयोशी यांची हत्या झाली तिथपर्यंत 19 मंत्रिमंडळं झाली. सरासरी वीस महिनेही भरत नाहीत. आणि अविश्वास ठराव मंजूर झाला म्हणून घरी गेलेलं त्यांत एकही नाही.

गोम 1889 च्या राज्यघटनेत आहे. तिच्यात मंत्रिमंडळाचा उल्लेखच नाही, पंतप्रधानाचाही नाही. कलम 55 एवढंच सांगतं की प्रत्येक मंत्री सम्राटाला सल्ला देईल आणि त्या सल्ल्याला स्वतः जबाबदार राहील. त्यामुळे पंतप्रधानाला सहकारी मंत्र्याला काढता येत नसे. एखादा मंत्री अडून बसला तर त्याची समजूत काढा, नाहीतर सगळ्यांनी मिळून राजीनामा द्या, एवढेच मार्ग. नवा पंतप्रधान सुचवायचे ते गेन्रो, म्हणजे मेइजी सम्राटाच्या (1868-1912) काळातले यामागाता, मात्सुकाता यांच्यासारखे ज्येष्ठ मुत्सद्दी. सम्राट त्यांना विचारी, ते नाव देत, मग त्या माणसाला मंत्रिमंडळ बनवण्याचा आदेश मिळे. निवडणूक बहुधा त्यानंतर होई, आणि सत्तेवर असलेली बाजू ती बहुतेक वेळा जिंके.

मग पक्षांना विचारायचं कशाला? पैशासाठी. अर्थसंकल्प फेटाळला गेला तर कलम 71 प्रमाणे मागच्या वर्षीचा लागू होई, पण खर्च वाढवायचा तर संसदेची संमती हवीच. म्हणून लष्करी वर्तुळातले कात्सुरा आणि सेइयुकाई पक्षाचे साइओन्जी किनमोची आलटून पालटून सत्तेवर येत राहिले.

खरी मेख 1900 च्या नियमात होती. यामागाता पंतप्रधान असताना ठरलं की लष्करमंत्री आणि नौदलमंत्री प्रत्यक्ष सेवेतले जनरल, लेफ्टनंट जनरल किंवा त्या तोडीचे अॅडमिरलच असतील. सेवेतला अधिकारी वरिष्ठांच्या मर्जीबाहेर जात नाही. थोडक्यात, सैन्याने माणूस दिला नाही की मंत्रिमंडळ उभंच राहत नाही.

डिसेंबर 1912 मध्ये हे उघड्यावर आलं. लष्कराला कोरियात ठेवायला दोन नव्या डिव्हिजन हव्या होत्या. रशियाशी झालेल्या युद्धाचं कर्ज डोक्यावर असल्याने साइओन्जी काटकसर करत होते; त्यांनी नकार दिला. 2 डिसेंबरला लष्करमंत्री उएहारा युसाकु यांनी पंतप्रधानांना वगळून राजीनामा थेट सम्राटाच्या हाती दिला. लष्कराने बदली माणूस दिला नाही आणि 5 डिसेंबरला साइओन्जी यांचं अख्खं मंत्रिमंडळ गेलं. कनिष्ठ सभागृहात त्यांच्याच पक्षाचं बहुमत होतं, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

कात्सुरा तिसऱ्यांदा आले तेव्हा नौदल अडून बसलं. त्यांनी सम्राटाचा आदेश आणवून साइतो माकोतो यांना नौदलमंत्रिपदी राहायला भाग पाडलं. माझ्या मते त्यांचा घात इथेच झाला: तरुण सम्राटाला राजकारणात ओढल्याचा आरोप आयताच विरोधकांना मिळाला. 5 फेब्रुवारी 1913 ला खासदार ओझाकी युकिओ यांनी सभागृहात तोफ डागली, की हे लोक सिंहासनाला तटबंदी करतात आणि राजाज्ञेच्या गोळ्या झाडतात. 10 तारखेला जमावाने संसदेला वेढा घातला, पोलीस चौक्या आणि सरकारधार्जिण्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांवर हल्ले झाले. कात्सुरा दोन महिनेच टिकले.

पुढचे पंतप्रधान अॅडमिरल यामामोतो यांनी 1913 मध्येच ‘सेवेतला’ ही अट काढून टाकली, म्हणजे निवृत्त अधिकारीही चालणार होता. कागदावर. प्रत्यक्षात निवृत्त अधिकारी कधी नेमला गेला नाही. पुढच्याच वर्षी यामामोतो स्वतः नौदलातल्या लाचखोरीच्या प्रकरणात गेले आणि कियोउरा केइगो यांना मंत्रिमंडळ बनवण्याचा आदेश मिळाला. नौदलाने युद्धनौकांच्या पैशाची हमी मागितली, ती मिळेना, तेव्हा नौदलमंत्री द्यायला नकार दिला. कियोउरांची गत ईल माशाच्या खानावळीसमोर उभ्या असलेल्या माणसासारखी झाली, वास येतोय पण ताट काही येत नाही. त्या मंत्रिमंडळाला लोकांनी नाव ठेवलं तेही ईलच्या वासाचंच. शेवटी ओकुमा शिगेनोबु आले, 1915 ची निवडणूक जिंकली आणि त्याच दोन डिव्हिजन मंजूर करून घेतल्या.

1918 नंतर हारा ताकाशी यांच्यापासून पक्षांचं वजन वाढलं, पण कळ सैन्याच्याच हाती राहिली. 1936 मध्ये पंतप्रधान हिरोता यांच्या काळात जुनी अट परत आली. जानेवारी 1937 मध्ये उगाकी काझुशिगे यांना आदेश मिळाला, पण लष्कराने मंत्रीच दिला नाही. हे स्वतः जनरल, आणि 1925 मध्ये लष्करमंत्री असताना चार डिव्हिजन कमी करणारेही हेच!

पंतप्रधानांची यादी वाचताना दोन ठिकाणी घोळ होतो. कातो दोन आहेत: 1922-23 चे अॅडमिरल तोमोसाबुरो आणि 1924 ते 26 चे ताकाआकी. दुसरं, हंगामी पंतप्रधान क्रमांकात धरत नाहीत. तोमोसाबुरो 24 ऑगस्ट 1923 ला वारले आणि यामामोतो यांचं दुसरं मंत्रिमंडळ 2 सप्टेंबरला आलं. मधल्या 1 सप्टेंबरला तोक्योचा महाभूकंप झाला, तेव्हा कारभार परराष्ट्रमंत्री उचिदा यांच्या हाती होता. क्रमांकांच्या यादीत मात्र त्यांचं नाव सापडणार नाही.