गावचा व्हॉट्सॲप ग्रुप हाती घेताय?
पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन ग्रुपचं नाव-फोटो बदलायचा अधिकार फक्त ॲडमिनकडं ठेवा. दुसरा ॲडमिनही नेमा, तो विरोधी पॅनलचा असला तर उत्तम. सगळे ॲडमिन एकाच भावकीचे असले की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ग्रुप फुटलाच म्हणून समजा.

खरी परीक्षा पावसाळ्यात. जायकवाडीचे दरवाजे उघडले की गोदाकाठच्या गावांत जुने व्हिडिओ फिरू लागतात. मेसेजवर दोन बाण दिसले, तर तो निदान 5 वेळा पुढं ढकलला गेलाय. म्हणूनच तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. तारीख, वेळ आणि विसर्ग किती क्युसेक, हे नसेल तर ठेवू नका. मेसेज दाबून धरा, सर्वांसाठी डिलीट करा, तलाठ्याला फोन लावा. तेवढ्यापुरतं 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील' हे चालू करा आणि नंतर आठवणीनं बंद करा. नाहीतर लोक वेगळा ग्रुप काढतात.

सोयाबीनचा भाव टाकताना तारीख, बाजार समिती आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तिन्ही दर हवेत. नुसता कमाल दर वाचून माणूस माल मोंढ्यात नेतो, ओलावा जास्त निघाला की भाव कमी मिळतो आणि भांडण ग्रुपवर येतं.

पीएम किसानच्या नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर लगेच उडवा. पाठवणाऱ्याला फोन करा. बहुतेक त्याचाच मोबाइल हॅक झालेला असतो.

मयतीच्या निरोपात माती कुठं आणि किती वाजता, एवढंच. सोयऱ्यांना मात्र फोनच करायला सांगा. नुसत्या मेसेजवर माणसं अजूनही रुसतात.