पुण्यात टेबल कुठं मिळेल?

प्रश्न : कामानिमित्त आठवडाभर पुण्यात आहे. संध्याकाळी पूल (टेबलावर काठीनं चेंडू मारायचा खेळ) खेळायला जागा आणि जमलं तर एखादी स्पर्धा कशी शोधावी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नकाशावर 'स्नूकर' (पूलचाच मोठ्या टेबलावरचा भाऊ) शोधा. 'पूल' टाकलंत तर पोहण्याचे तलाव आणि मुठेवरचे पूलच आधी निघायचे! जाण्याआधी फोन करून टेबल कोणतं ते विचारा : स्नूकरचं १२ फुटी, पूलचं ८ किंवा ९ फुटी. पैसे तासावर की फ्रेमवर, म्हणजे एकेका डावावर, तेही. पोचल्यावर पांढरा चेंडू कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाला, समांतर, अगदी हळू सोडा. थांबता थांबता तो एका अंगाला वळला तर टेबल लेव्हलमध्ये नाही, दुसरं मागा. पावसाळ्यात टेबलावरचं कापड दमट होतं आणि चेंडू जड धावतो, म्हणून पहिली दहा मिनिटं फक्त जोराचा अंदाज घ्या.

स्पर्धांची खबर मार्करला (टेबलं सांभाळणारा, गुण मांडणारा माणूस) असते, मालकाला विचारत बसू नका. पीवायसी हिंदू जिमखान्यासारख्या क्लबात खेळायचं तर ओळखीचा सभासद गाठा. स्नूकरच्या स्पर्धेत नाव देण्याआधी लाल चेंडू १५ की ६, फ्रेम किती आणि पोशाखाचा नियम काय, हे विचारा. जीन्स बऱ्याच ठिकाणी चालत नाही. पुढं कुठं विमानानं जाणार असाल तर क्यू (खेळायची काठी) चेक-इन सामानात टाका, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.