सात सीटच्या गाडीत कोणतं ऑइल, कोणता कूलंट घालावा?

तुमची सात सीटची पेट्रोल गाडी सहा वर्षांची, गणपतीला चिपळूणला जायचंय, आणि तुम्ही विचारलंय की इंजिन ऑइल कोणत्या कंपनीचं चांगलं. कंपनी नंतर बघा. आधी गाडीसोबत आलेलं मॅन्युअल उघडून ऑइलची ग्रेड, म्हणजे ते किती पातळ-जाड हवं, ते बघा. मुंबईच्या उकाड्यात जाड ऑइल घाला असं कोणी सांगेल, पण चालत्या इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो, बाहेर जानेवारी असो की मे. ०डब्ल्यू-१६ किंवा ५डब्ल्यू-३०, जे लिहिलंय तेच घाला.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या ब्रेक ऑइलची, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्याकडे दमट हवेची काही कमी नाही. ब्रेक ऑइलचे डॉट ३, डॉट ४ असे प्रकार असतात. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेक दाबून ते उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दबते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि गाडी मात्र थांबत नाही.

मी हे अनुभवलंय. कराडहून येताना कुंभार्ली घाट उतरत होतो, सातही सीट भरलेल्या, टपावर सामान. शेवटच्या वळणांवर पेडल मऊ लागायला लागलं. मागे आई आणि लहान पोरं. दुसऱ्या गियरवर हळूहळू खाली आणली आणि कडेला अर्धा तास उभा राहिलो. पाच वर्षांत ब्रेक ऑइल एकदाही बदललं नव्हतं.

सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी बदला. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ की ४ ते लिहिलेलं असतं. डबा सीलबंदच घ्या, गॅरेजमधल्या उघड्या डब्यातलं नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, रंगावरून घेऊ नका. हिरवा, लाल, निळा याला काही ठरलेला नियम नाही. मॅन्युअलमधलाच प्रकार घ्या, आणि तो पातळ करायचा असेल तर नळाचं नाही, डिस्टिल्ड वॉटर वापरा. स्टिअरिंग इलेक्ट्रिक असेल तर त्यात ऑइल नसतंच.

हे काम निघायच्या आदल्या दिवशी करू नका. आठवडाभर आधी करून गाडी रोजच्या रस्त्यावर चालवा, म्हणजे कुठे गळत असेल तर ते इथेच कळेल.